क्वार्टरबॅकला दिलेला सल्ला

मूर्खपणा माझाच. मुलगा अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे त्यांच्या त्या हाताने खेळायच्या फुटबॉलमध्ये बॉल फेकणारा. त्याचे थ्रो चुकले, टीम हरली, आणि तो खेळच सोडायला निघाला. आयुष्यात चेंडू न फेकलेल्या मी इकडे आखातातल्या फुजैराहून फोनवर अक्कल पाजळली, "घाई कशाला करतोस? आरामात नेम धर, मग फेक." त्याने फोन ठेवून दिला.

मग त्या मॅचची कॅसेट आली. प्रत्येक थ्रोला समोरच्या टीमचे तीन-चार रेडे त्याच्या अंगावर धावत होते, आणि हा आपटेपर्यंत लांबच्या साथीदाराकडेच बघत होता. मी थक्क.

शुक्रवारी फोनवर आधी माफी मागितली, मग विचारलं, "भीती नाही वाटत रे?"

"वाटते ना, आई. बट त्यांच्याकडे बघितलं तर आपली माणसं दिसत नाहीत. शनिवारी आय ॲम प्लेइंग, ओके?"