चालू इंजिनापासून हातभर लांब

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या छातीत पेसमेकर बसला आणि त्याच हिवाळ्यात त्यांच्या जुन्या मोटारसायकलची बॅटरी बसायला लागली. गाडी माझ्याहून वयानं मोठी. बॅटरी नवी टाकली, तरी आठवडाभरात हॉर्न घोगरा. म्हणजे दोष बॅटरीत नव्हता, चार्जिंगच्या वाटेत कुठंतरी होता.

डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. गाडीवर बसा, पण चालू इंजिनावर वाकू नका, छाती हातभर तरी लांब ठेवा. तिथल्या विजेनं पेसमेकर गोंधळू शकतो. आण्णा मान डोलावत होते. मला त्या मान डोलावण्याचा काडीचा भरवसा नव्हता. मेकॅनिकला ते गाडीला हात लावू देणार नाहीत आणि मी कामावर गेले की स्वतःच पाना घेऊन बसतील, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून रविवारी सकाळी मीच बसले.

मी जन्माची भित्री भागूबाई. आण्णा वीज खात्यात लाइनमन. कन्नड तालुक्यात भर पावसात खांबावर चढलेला माणूस. घरातल्या बटणाचा झटका बसला की आम्ही किंचाळायचो. ते नुसता हात झटकायचे आणि चहा मागायचे.

आईनं अंगणात रांगोळीची रेघ ओढली. अलीकडे गाडी, पलीकडे आण्णांची खुर्ची. लक्ष्मणरेषाच की ही, असं म्हणून ती पुढं कुणी ओलांडली तेही आण्णांनीच हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलेलं, त्यामुळे आई ड्रम भरायला आत गेली आणि त्यांच्यावर नजर ठेवायला मी एकटी उरले.

सीट काढ, वायरींचा वास घे, असं त्यांनी तिकडून सांगितलं. इंजिनातल्या कॉइलकडून तीन पिवळ्या वायरी वर येतात. त्यांचा जोड काळा पडून वितळला होता. बॅटरीला चार्जिंग पोचणार कुठून? मी जोड कापला, तारा सोलल्या, नवा बसवला. तार दोनदा बोटात घुसली. भीती होती, पण विजेची नव्हती. मी मान खाली घातली की मागं खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा. वर बघावं तर खुर्चीचे पाय रेघेवर.

"आण्णा, मागं व्हा."

"बंद हाय की गाडी," ते म्हणायचे आणि इंचभर मागं जायचे.

शेवटी बॅटरीला मीटर लावला. काटा साडेबारा व्होल्टवर. गाडी चालू केल्यावर तो चौदाच्या आसपास चढला, तर काम झालं. चार-दोन किका वाया गेल्या. मग इंजिन धडधडायला लागलं, आणि आता हे उठतील, आता वाकतील, म्हणून मीटर सोडून मी आधी मागं पाहिलं.

खुर्ची रेघेवर नव्हती. ती पार भिंतीला टेकली होती. आण्णा तिच्यात अंग चोरून बसले होते आणि डावा हात खांद्याखाली, जिथं ते यंत्र आहे तिथं, घट्ट दाबून धरला होता.

"बंद कर बाई," ते म्हणाले. "लई भ्या वाटायलंय मला."

मी चावी फिरवली. दुखतंय का, चक्कर येतेय का, मी विचारत सुटले. तसलं काही नव्हतं. त्यांना फक्त भीती वाटत होती, आणि मला त्याचीच जास्त धास्ती बसली. आमच्या घरात भ्यायचं काम आई आणि मी वाटून घेतलं होतं. न भ्यायला ते होते. आता ते काम कोण करणार?

मी मीटरसकट गाडी ढकलत फाटकाबाहेर नेली, पार गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथं एकटीनं किक मारली. किक उलटी आली, पोटरी सोलली. पुन्हा मारली. काटा चौदावर गेला आणि तिथंच थांबला. मी बराच वेळ तो बघत उभी राहिले. आनंद झाला होता, पण भीती गेली नव्हती.

परत आले तेव्हा ते खुर्चीतच होते. चार्जिंग आलं, मी सांगितलं. त्यांनी माझ्या पोटरीकडं पाहिलं.

"भ्याली का तू?"

"नाय," मी म्हणाले.