सुंदराच्या दगडावरचं जोडपं

लेण्यांखालच्या कोंडाणे गावाच्या ओहोळावर धुणं धुताना सुंदराचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू यायचा. पळसदरीहून लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला तिथला एक लांबरुंद, सपाट दगड दाखवला. तेव्हापासून तो दगड सुंदराचा. त्यावर तिने घरादाराचे कपडे आपटले आणि गावभरच्या गप्पाही.

यंदा उन्हाळ्यात ओहोळातला गाळ काढायला जेसीबी आला. सुंदराचा दगड त्याने उलटवला मात्र, नि चालवणारा मशीन बंद करून ओरडतच खाली उतरला. दगडाच्या पोटावर एक पुरुष आणि एक बाई कोरलेली होती, शेजारीशेजारी, हात जोडून उभी. बाईच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या, कानांत जाडजूड कुंडलं.

गाव लोटलं. पोपटमामा म्हणाले, "सुंदरे, देवाच्या पाठीवर धुणं आपटत व्हतीस गं तू!"

सगळे हसले, पण सुंदरा हसली नाही. घरी आली, गप्पच राहिली. नवरा धाकलू घाबरला. एवढी शांतता त्याने त्या घरात कधी ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुंदराने दगडापुढे नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. शेंदराची वाटी उघडणार, तोच पुरातत्त्व खात्याची सुरभी मॅडम पोचली.

"मावशी, शेंदूर नको हं," ती धापा टाकत म्हणाली. मग कुंचल्याने माती झाडत बराच वेळ बघत राहिली. "हे देव नाहीत. पूजेला आलेलं जोडपं दिसतंय. लेण्यात भक्तांची अशी शिल्पं कोरायचे."

"मंजे आमच्यासारकीच मानसं?"

"अगदी."

सुंदरा जरा पुढे सरकली. "मग मी इतकी वर्षं त्यांच्या पाटीवर..."

"बरंच झालं की! दगड पालथा होता म्हणून नाकडोळे शाबूत राहिले. उताणा असता तर पाण्याने केव्हाच झिजले असते."

सुंदराने हे पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग अशी हसली, की पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले.

खात्याचा निर्णय होईपर्यंत दगड शाळेच्या ओट्यावर ठेवला. लेणी बघायला येणारे तिथे थांबू लागले, आणि सुंदरा पाहुण्यांची ओळख करून द्यावी तशी त्या दोघांची ओळख करून देऊ लागली. एका रविवारी कुणीतरी म्हणालं, "मावशी, काकांना बोलवा, तुम्हा दोघांना दगडाशेजारी उभं करून फोटो काढतो."

धाकलू आला. हात जोडून, छाती ताणून खांबासारखा उभा राहिला.

"अवो, तो दगडातला बगा बायकोकडं कसा कललाय!" सुंदरा म्हणाली. "तुमी काय परेडला उबे हाव?"

धाकलू लाजला. आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना हे बघून घेतलं आणि मग हळूच, वीतभर, तिच्याकडे कलला.

"आता कसं," सुंदरा म्हणाली. "काडा वो फोटो!"