पोर्चशेजारचा शेवगा

“ह्ये झाड कुठलं?” चौगुलेसाहेबांनी शीटवर बोट ठेवून विचारलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला माहीत होतं, पण द्यावं की नाही ते कळेना.

मी आर्किटेक्चरला आहे आणि कोल्हापुरात एका आर्किटेक्टकडे ट्रेनिंग करतोय. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे ऑफिसात कुठे बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, याचा अजून अंदाज येत नाही. चौगुलेसाहेबांची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे. त्यांना कळंब्याला बंगला बांधायचाय. आधीची दोन डिझाइन त्यांनी बाल्कनी पसंत नाही म्हणून परत पाठवली होती. म्हणून तिसऱ्या वेळी सरांनी हाताने रंगवलेला व्ह्यू द्यायचं ठरवलं. व्ह्यू म्हणजे बंगला बांधून झाल्यावर कसा दिसेल, त्याचं चित्र. बंगला सरांनी काढला. झाडं मला दिली.

“जमलं तर पुढचे व्ह्यू तुझ्याकडे,” सर म्हणाले. “नाहीतर ट्रेनिंग संपेपर्यंत टॉयलेटचे डिटेल.”

म्हणजे फरशीचा उतार, नळाची उंची, सगळं मापात काढायचं. तीन आठवडे मी तेच काढत होतो.

वॉटरकलर मला येत नव्हता. त्यात पांढरा रंग सहसा वापरत नाहीत, कागदच कोरा सोडतात. आधी फिकट, मग गडद, आणि मधे वाळेपर्यंत हात आवरायचा. मला तेवढा धीर नव्हता. ओल्यावर ओला रंग गेला की झाडाचा फ्लॉवर व्हायचा. अशी वीसेक झाडं सरांनी पाहिली.

“मंडई चांगली भरलीय,” ते म्हणाले. “पानं काढत बसू नकोस. पानांमधून दिसणारं आभाळ सोड.”

आभाळ दिसणारं झाड म्हटल्यावर मला आमच्या हातकणंगल्याच्या घराजवळचा शेवगाच आठवला. तो पहिल्या झटक्यात जमला. त्या आनंदात मी शेंगाही काढल्या. आणि तोच शीटवर उतरवला, पोर्चच्या शेजारी.

“शेवगा. आमच्या घराजवळचा,” मी आता सांगून टाकलं.

“शेवगाच की. आणि माझी गाडी?”

“पोर्चमध्ये.”

“म्हंजे शेवग्याजवळच. वारं सुटलं की फांदी मोडून पडती. ठावं न्हाय व्हय तुला?”

ठाऊक होतं. माझे वडील शेवग्याखाली म्हैससुद्धा बांधू देत नाहीत.

“साहेब, चित्रातली झाडं नुसती शोभेला असतात,” सर म्हणाले. “तुम्ही बंगला बघा.”

“बघतो की. मागं ह्ये कुठलं?”

मागे खरं तर एक डाग होता. रंग वाळायच्या आत माझा हात लागला होता.

“आंबा,” मी म्हणालो.

“भिंतीपासनं चार फुटावर आंबा? कोण लावतंय?”

“पेरू असेल.”

“असंल म्हंजे? तूच काढलाईस न्हवं?”

सरांनी डोळे मिटून घेतले.

पुढे पाऊण तास झाडांवरच गेला. शेवगा बोलण्यातच बंगल्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या बाजूला गेला. डागाच्या जागी लिंबू ठरलं. बाल्कनी तशीच होती, पण तिचं नाव कुणी काढलं नाही. शेवटी साहेबांनी विचारलं, “तुमच्यातल्या शेंगा केवढ्या येत्यात रं?”

मी हाताने लांबी दाखवली.

“एक फांदी आण लावायला,” म्हणत त्यांनी पेन काढलं आणि शीटवर सही केली.

ते गेल्यावर मी म्हणालो, “सर, चुकलं माझं. रंग खोडता येत नाही, पण सगळं नवीन रंगवून देतो.”

“सही त्या शीटवर आहे. हात लावू नकोस.”

“मग टॉयलेटचे डिटेल...?”

“पुढचा व्ह्यू तूच कर. फक्त झाड असं काढ, की कुणाला ओळखता येणार नाही.”

तेव्हापासून मी तोच सराव करतोय. नाव नसलेलं झाड काढणं जास्त अवघड आहे. हात आपोआप कुठल्यातरी ओळखीच्या झाडाकडे वळतो. आणि सही त्या शेवग्यामुळेच झाली, असं मला अजूनही वाटतं. पण ट्रेनिंगचे दोन महिने शिल्लक आहेत, म्हणून सरांना तसं बोललेलो नाही.