रहमत मास्तरांची तालीम

भिलाईचा कारखाना उभा राहत होता त्या वर्षांत तिथं किस्से स्क्रॅपसारखे साचत. कितीही उचला, ढीग तेवढाच! आणि त्यातला निम्मा ढीग एकट्या रहमत मास्तरांच्या वर्गाचा.

मास्तर मूळचे कामठीचे. नोकरी स्टोअरमध्ये क्लार्कची आणि वेड एकच: जुन्या काळी बगदादला, कैरोला लोक शिकत कसे आणि शिकवत कसे. या विषयावर ते एकदा सुरू झाले की समोरचा चहा निवून त्यावर साय धरे. मी गोंदियाचा, रोलिंग मिलमध्ये फिटर. मला लिहितावाचता येत होतं, त्यामुळं वर्गाची गरज नव्हती. गंमत बघायला गेलो आणि तिथलाच झालो.

*

सुरुवातच बघा. सेक्टर ६ च्या बाजारात मास्तरांनी भिंतीवर खडूनं लिहिलं, ‘यहाँ रोज़ शाम को मुफ़्त तालीम दी जाएगी। उस्ताद रहमत अली।’

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. पण मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा भोवती सगळी भंडारा-गोंदियाकडची मंडळी. मराठी माणसाला तालीम म्हटलं की कुस्ती आठवते आणि उस्तादाचा तर आपण केव्हाच वस्ताद केलेला!

संध्याकाळी दहाबारा गडी लंगोट कसून, अंगाला तेल चोपडून हजर. सगळ्यांत पुढं डोमाजी. डोमाजी आमच्याच मिलमधला खलाशी, अवजड सामान उचलणारा, छाती दरवाज्याएवढी.

मास्तर आले. हातात खडूचा डबा, अंगावर मांस नावालाच.

डोमाजी माझ्या कानात म्हणाला, "वस्ताद सुकेल दिसते बाप्पा! पन डाव पक्के असन."

तेलानं चमकणारे विद्यार्थी बघून मास्तरांना वाटलं, पोरं स्वच्छ अंघोळ करून आलीत. खूश होऊन म्हणाले, "बैठो!"

डोमाजीनं बैठका मारायला सुरुवात केली!

*

घोटाळा कळल्यावर बाकीचे कपडे घालून निघून गेले. चारपाच राहिले, त्यात डोमाजी. त्याला कारण होतं. त्याची बायको कौसल्या साकोलीकडच्या गावात होती आणि तिनं निरोप धाडला होता, "मले वाचाले शिकवान तरच मी भिलाईले येतो. चूल फुकाले मी इकडंच बरी." डोमाजी इकडं क्वार्टरमध्ये रोज करपलेली भाकर खात होता. त्यामुळं आधी स्वतः शिकायचं, मग तिला शिकवायचं, म्हणजे संसार सुरू! एवढा सरळ हिशेब.

पण मास्तरांचा कायदा आडवा आला. जुन्या काळी म्हणे शाळा सर्टिफिकेट देत नसे. उस्ताद देई, आणि तेही एकेका पुस्तकापुरतं. त्याला म्हणत इजाजत. इजाजत मिळाली की ते पुस्तक तुम्ही दुसऱ्याला शिकवू शकता, नाहीतर तोंड बंद.

डोमाजीनं बालबोध, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक, दोन पावसाळ्यांत पालथा घातला. मास्तर रोज ऐकत, मान डोलावत आणि म्हणत, "अभी नहीं."

*

वर्गाला खोली नव्हती. मास्तरांना नकोच होती. कैरोच्या मोठ्या मशिदीत म्हणे एकेका उस्तादाचा एकेक खांब ठरलेला. तो टेकून बसे, विद्यार्थी भोवती गोल करत. ज्याला पटलं नाही तो उठून दुसऱ्या खांबाकडं जाई. म्हणून मास्तरांनीही बाजारातला एक विजेचा खांब धरला.

एक दिवस लाइनमन आला. म्हणाला, "खांब हलवायचा आहे."

डोमाजी आडवा झाला. "अबे, हे कॉलेज आहे!"

लाइनमन बिचारा आधी वर चढून तारा सोडवू लागला. खाली मास्तरांचं शिकवणं चालूच. त्यांनी प्रश्न विचारला आणि वरून लाइनमननं बरोबर उत्तर दिलं!

मास्तरांनी त्याला तिथल्या तिथं वरच्या वर्गात घातला.

*

मग आला सनदीचा धडा. जुन्या काळी कोणी काही सांगितलं की विचारत, तू कोणाकडून ऐकलंस? त्यानं कोणाकडून? ही साखळी म्हणजे सनद. नुसती साखळी पुरत नसे, त्यातला एकेक माणूस तपासत. खोटं बोलतो का? विसरतो का? एक कडी कच्ची निघाली की सगळी बात कमजोर.

हे आमच्या टोळीला इतकं पटलं, इतकं पटलं की काही विचारू नका.

दुसऱ्याच आठवड्यात फोरमन आला. "कल से शिफ्ट बदल गई. सब लोग दोपहर को आना."

डोमाजी म्हणाला, "सनद?"

"क्या?"

"तुमाले कोनं सांगतलं?"

"इंजिनिअर साब ने."

"मानूस कसा आहे? विसरते का काही?"

फोरमन सरळ माणूस. विचार करून म्हणाला, "चश्मा भूल जाते हैं कभी-कभी."

"मंग बात कमजोर आहे!" डोमाजीनं निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी अख्खी टोळी सकाळीच हजर. फोरमननं कपाळावर हात मारला. मास्तरांना कळलं तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "इंजिनिअर के बारे में दूसरा गवाह लेना था."

*

डोमाजीचं घोडं कुठं अडलं होतं ते आम्हाला पुढं कळलं. त्याला एक खोड होती. जगात कोणी काहीही विचारो, हा उत्तर देणारच. ‘मालूम नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकलेच नव्हते.

एकदा कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन साहेबानं त्याला हातवारे करून काहीतरी विचारलं. डोमाजीला रशियन येत नव्हतं, पण म्हणून काय झालं? त्यानं ऐटीत उजवा हात लांब केला. साहेब थँक्यू म्हणून गेला. त्याला जायचं होतं सेक्टर २ ला, पार कारखान्याला वळसा घालून तो पोचला पलीकडच्या जामुल गावाला!

मास्तरांनी मग डोमाजीला समोर बसवलं. "बेटा, जुने उस्ताद फार मोठे होते, कावून? चार प्रश्न विचारले तं तीनाले म्हणत, मला माहीत नाही. ज्याले हे म्हणता येत नाही, त्याच्या हाती मी दुसऱ्याचं डोकं कसं देऊ?"

डोमाजी हसला. "एवढंच? मालूम नाही म्हनाचं ना? अजी, ते तं मले पयलेपासूनच मालूम आहे!"

मास्तर दोन दिवस वर्गाला आले नाहीत.

*

आणि एका संध्याकाळी ट्रंक घेऊन कौसल्याच खांबापाशी उभी! डोमाजीनं परस्पर निरोप धाडला होता की इजाजत मिळाली, ये. मास्तरांनी तर इजाजत दिलेलीच नव्हती! डोमाजीच्या कपाळावर घाम. मला त्याची दया आली, खरंच आली.

कौसल्या त्याच ट्रंकेला टेकून बसली. म्हणाली, "आता शिकवा. नाही तं सकाळच्या गाडीनं मी चालली."

तिनं बालबोध उघडला आणि एका अक्षरावर बोट ठेवलं. "हे कोनतं?"

नेमका ङ! ग आला, घ आला की वर्गात तिथं मास्तरांना खोकला येई आणि आम्ही थेट ‘च’वर जात असू.

डोमाजीनं तोंड उघडलं. आम्हाला वाटलं, आता हा ठोकून देणार काहीतरी. बाजारातला गलबला ऐकू येत होता. कौसल्या त्याच्याकडं बघत होती, अगदी विश्वासानं. डोमाजीनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. मान खाली गेली आणि एवढ्याशा आवाजात तो म्हणाला,

"मले मालूम नाही."

मास्तर ताडकन उठले. डोळे भरलेले. त्यांनी त्या दांडग्या गड्याला मिठी मारली, हात जेमतेम पाठीपर्यंत पोचले. "इजाजत है! बेटा, आज से इजाजत है!"

आम्ही टाळ्या पिटल्या. डोमाजीनं डोळे पुसले, छाती फुगवली आणि बायकोसमोर ऐटीत मांडी घातली. "हं. घे वाचाले."

कौसल्यानं पुस्तक मिटलं आणि ती मास्तरांकडं वळली.

"का जी मास्तर, ज्याले सोतालेच मालूम नाही, त्याच्यापाशी मी कावून शिकू? तुमीच सांगा ना, हे अक्षर कोनतं?"

मास्तरांना खोकला आला.