फोटो त्याचा, नाव दुसऱ्याचं

अकोल्याच्या एका दैनिकात मी मुद्रितं तपासायचे. ते बंद पडलं तेव्हा अमरावतीच्या एका वेबसाइटमध्ये लागले. माणसाची चौकशी कशी करावी याचा सल्ला देणारी ती वेबसाइट. भाडेकरू ठेवण्याआधी काय बघायचं, ड्रायव्हरची पोलीस पडताळणी कशी करून घ्यायची, होणाऱ्या जावयाबद्दल कुठे विचारायचं, असं सगळं. लोकांच्या उपयोगाचं काम आहे, असं मी घरी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं.

ऑफिस राजापेठेत, एका चष्म्याच्या दुकानावर. मालकच संपादक. बोलायला फार गोड. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धोरण समजावलं.

"मॅडम, खेड्यात शेतीचं काही खरं नाही राहिलं. पोरं अमरावती-अकोल्यात येऊन राहिलीत. कोणी खोली मागते, कोणी वॉचमनची नोकरी. शहरातला माणूस त्याइले पाहून घाबरून राहिला. तो घाबरलेला माणूस आपला वाचक."

"मग त्याची भीती घालवायची ना?"

"घालवली तर उद्या तो आपल्याकडे काहून येईल?"

मला वाटलं, गंमत करताहेत.

माझ्या शेजारच्या टेबलावर कायद्याचे लेख बघणारा सहकारी बसायचा. पातूरचा, मुसलमान, वकिलीची पदवी घेतलेला. मला ताई म्हणायचा. त्याचं मराठी माझ्याहून शुद्ध, पण चिडला की थेट वऱ्हाडीवर यायचा. प्रत्येक लेखात तो एक वाक्य घालायचाच: गुन्हा दाखल होणं म्हणजे गुन्हा सिद्ध होणं नव्हे. आणि संपादक ते प्रत्येक वेळी काढायचे. "लेखाचा जोर जाते याच्यानं," म्हणायचे.

मग एक लेख आला: गावाकडचा भाडेकरू कसा ओळखाल. नापिकीच्या गावातून आलेला, सामान थोडं, ओळख सांगणारं कोणी नाही, अशी संशयाची लक्षणं त्यात होती. गावाकडे दोन हंगाम काही हाती लागलं नाही तेव्हा आमच्या घरातून सगळ्यात आधी माझा सख्खा भाऊ अशाच थोड्या सामानानिशी अकोल्याला खोली शोधत फिरला होता; आम्ही मागाहून आलो. मी तो लेख तपासायला नकार दिला. संपादक हसले आणि त्यांनी तो तसाच टाकला. त्या महिन्यात सगळ्यात जास्त तोच वाचला गेला.

त्यानंतर त्यांनी 'आमची तज्ज्ञ मंडळी' असं पान काढलं. त्यावर एक भरदार मिशांचे निवृत्त पोलीस अधिकारी होते. ते संपादकांचे मावसे, शेंदूरजनाघाटला संत्र्याचा व्यापार करायचे. पोलीस ठाण्याची पायरी ते कधी चढले असतील तर तक्रार द्यायलाच. त्यांच्याखाली माझ्या सहकाऱ्याचा फोटो होता, वकील आणि कायदा सल्लागार म्हणून. फोटो त्याचा, पण नाव दुसरंच. नाव आणि आडनाव, दोन्ही हिंदू; त्याचे लेखही आता त्याच नावाखाली.

त्याने स्क्रीन संपादकांकडे वळवली.

"सर, हा कोण आहे?"

"अरे, तूच. टोपणनाव समज ना. आपल्या वाचकाले काय पटते, ते पाहावं लागते."

"तुमचं टोपणनाव काय आहे, सर?"

संपादकांनी फोन कानाला लावला आणि ते बाहेर गेले.

तो लगेच नोकरी सोडू शकला नाही. वकिलीची सनद हाती यायची होती आणि रोज पातूरहून येणं शक्य नव्हतं, म्हणून एका मित्राकडे राहून अमरावतीत खोली शोधणं चाललं होतं.

एका दुपारी सल्ल्याच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. तो मी घेतला. साईनगरकडे त्यांचं घर होतं, वरची खोली भाड्याने द्यायची होती.

"एक पोरगा आला होता काल. मी घरी नव्हते, माह्या सुनेले भेटला. पातूरचा. वकिली शिकलेला म्हणते. बोलायले चांगला आहे म्हणे, पण मुसलमान आहे," असं म्हणून त्यांनी नाव सांगितलं. ते माझ्या शेजारी बसलेल्याचं होतं. "तुमच्या साइटवर ते वकीलसाहेब आहेत ना, त्याइले विचारून सांगा. त्याइचे लेख मी सगळे वाचते. माह्या विश्वासाचे आहेत ते."

मी फोन त्याच्यापुढे धरला आणि हळूच सांगितलं कोण आहे ते. त्याने घेतला.

"नमस्कार काकू. मी त्या मुलाला ओळखतो. खोली द्यायला हरकत नाही. पोलीस पडताळणी तेवढी करून घ्या, सगळ्यांचीच करतात."

बाई म्हणाल्या, "तुमी म्हणता ते खरंच असन साहेब. पण आमच्या गल्लीत नाही चालत. तुमीच येत असान राहाले, तर आजच चावी देते."

त्याने "धन्यवाद" म्हटलं आणि फोन खाली ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. मी त्याच्यासाठी पाणी आणायला उठले.

परत आले तेव्हा तो संपादकांसमोर उभा राहून सगळं सांगत होता. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मांडीवर थाप मारली.

"वा! हे लिहून टाक. वाचक रडते बघ. फक्त शेवट बदल. बाई खोली देते, असा कर."

त्याने टेबलावरचा डबा उचलला, पिशवीत टाकला. मग तो दारातून म्हणाला, "माहा फोटो काढा तिथून. आजच."

मीही माझी पर्स घेतली. संपादक मागून म्हणाले, "मॅडम, तुमचं काय गेलं याच्यात?" मी जिना उतरले, तो पुन्हा चढले नाही.

फोटो त्यांनी काढला. त्या जागी काळ्या कोटातलं एक चित्र लावलं, नाव मात्र तसंच ठेवलं. तो नसलेला वकील पुढे कित्येक दिवस लेख लिहीत होता, लोक त्याला प्रश्न विचारत होते, आभार मानत होते. मी दोनदा लिहून कळवलं. 'वाचकांचा विश्वास हेच आमचं धोरण' एवढंच उत्तर आलं.

माझा सहकारी आता अकोल्याच्या कोर्टात वकिली करतो. दारावर त्याच्या स्वतःच्या नावाची पाटी आहे. खोली मिळेपर्यंत तो आमच्याकडे अकोल्याला माझ्या भावाच्या खोलीत राहिला. शेजारच्या काकांनी आईला विचारलं, "कोण आहे हा, चौकशी केली का?" आई म्हणाली, "केली. त्याले तिखट जास्त लागते."