देवाला का माणसाला?

धुरपताबाई स्वतःच्या बागेत दोन्ही हात पाठीमागे धरून फिरायच्या. शाळा तपासायला आलेला साहेब वर्गातून फिरतो, तशा. झाडं त्यांची, पाणी त्यांनी दिलेलं, खुरपणं त्यांनी केलेलं; पण गिऱ्हाईक फाटकाशी दिसलं की हात मागे जायचे, ते गिऱ्हाईक परत जाईपर्यंत पुढे यायचे नाहीत. तोंड मात्र मोकळं असायचं. "ओ ताई, फांदी ओढू नका, पेरू पिरगाळून घ्या. झाड काय तुमच्या सासऱ्याचं हाय का?" "दादा, त्या सीताफळाचे डोळे उघडले न्हाईत आजून, राहू द्या त्याला झोपलेलं."

चौऱ्याण्णवच्या सुरुवातीला मी वसमत तालुक्यात, कुरुंद्याच्या बाजूच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले. हिंगोली जिल्हा तेव्हा व्हायचा होता. आमचे सगळे कागद परभणीला जात. गावाबाहेर ओढ्यापलीकडे ही बाग होती. पेरू, सीताफळ, लिंबू, आणि झाडांच्या मधल्या जागेत झेंडू, शेवंती, गलांडा. पद्धत अशी की आपली टोपली आपण न्यायची, आपल्या हाताने तोडायचं आणि पैसे फाटकाजवळच्या दगडावर ठेवायचे. बाई ते नंतर उचलायच्या.

मला यादी करून काम करायची सवय आहे. त्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीच्या यादीत सगळ्यावर खूण झाली होती, फक्त हार राहिले होते. मी घाईघाईने बागेत गेले आणि टोपली पुढे केली.

"मावशी, दोन हारांची फुलं द्या. जरा लवकर."

टोपली कोणी घेतली नाही. बाईंनी विचारलं, "देवाला का माणसाला?"

"म्हणजे?"

"फुलं वो. देवाला लागतात का माणसाला?"

"माणसाला. विस्तार अधिकारी येणार आहेत."

"मंग आना इकडं." हात पुढे आले. अंगठ्याच्या नखाने देठ खुडत दोन्ही हात असे चालायला लागले की मी नुसती बघत राहिले. टोपली भरली तेव्हा म्हणाल्या, "साहेब कोनाच्या बी हातचा हार घालून घेतोय. फोटू निघाला म्हंजे झालं."

मला तेव्हा काही कळलं नाही. कळलं ते पुढे ऑक्टोबरात. शाळेत पाटीपूजन होतं. मी गेले, पुन्हा तोच प्रश्न आला. मी म्हटलं, सरस्वतीला.

"मंग तुमच्या हातानं तोडा, मॅडम."

"तुम्हीच तोडा ना मावशी. तुमचा हात भरभर चालतो."

"हात चालतोय. देवाला चालत न्हाई."

बाई भीमनगरात राहायच्या. त्यांचे मालक रेल्वेत गँगमन होते. नोकरीतल्या शिलकीतून त्यांनी हा तुकडा घेतला, झाडं लावली आणि झाडांना फळ धरायच्या आत ते गेले. पहिला झेंडू निघाला तेव्हा बाईंनी नवरात्राच्या आदल्या दिवशी टोपली डोक्यावर घेऊन गावात फेरी मारली. एकाही दारात कोणी टोपली उतरवली नाही. शेवटी एका म्हातारीने ओट्यावरून समजावलं, "धुरपता, फुलं झ्याक हायती गं. पन तू तोडलेली देवाला कशी व्हावी? आमी येतो उद्या, आमच्या हातानं तोडून नेतो." आणि खरंच आल्या. दुसऱ्या दिवशी अर्धं गाव बागेत होतं.

हे बाईंनी मला शेवंतीच्या वाफ्यात उभं राहून सांगितलं, एखाद्या खताची माहिती द्यावी तसं. मी विचारलं, "आणि झाडाला पाणी तुम्ही घालता ते?"

"झाडाला इटाळ न्हाई, मॅडम. हंड्याला हाय, भाकरीला हाय. झाडाला न्हाई. खालून माझं पानी पितंय, वरून देवाला जातंय. मदी काय व्हतंय ते झाडालाच ठावं." मग हसून म्हणाल्या, "तोडनीची मजुरी वाचली. मला काय तकलीफ हाय?"

तकलीफ होती. ती त्यांच्या हातांत दिसायची. मागे धरलेल्या हातांची बोटं एकमेकांत इतकी घट्ट अडकवलेली असत की नखं पांढरी पडत. एखाद्या बाईने कळीसकट झेंडूचा अख्खा तुरा ओरबाडला की ती बोटं हलत. पुढे येत नसत.

पुढे जिल्हा वेगळा झाला, रस्ते बरे झाले आणि हिंगोली, नांदेडहून लोक गाड्या घेऊन यायला लागले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. लेकरांना आपल्या हाताने पेरू तोडायला मिळतो याचंच त्यांना अप्रूप. एकदा शेती खात्याचे एक साहेब जीपमधून आले आणि बागेवर फार खूश झाले. म्हणाले, "बाई, तुम्ही काळाच्या पुढे आहात. परदेशात अशाच बागा असतात. मालक तोडून देत नाही, गिऱ्हाईक स्वतः तोडतं आणि आनंदाने पैसे देतं."

"व्हय का?" बाई म्हणाल्या. "मंग तितं बी आमच्यावानी मानसं असतील."

साहेब हसले. त्यांना वाटलं, बाई स्वतःला परदेशी मालकांच्या पंगतीला बसवतायत.

बाईंचा मुलगा मिलिंद पुण्याला एका कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा तो परत आला. त्याने चार दिवस आईचं हात मागे बांधून फिरणं पाहिलं आणि पाचव्या दिवशी म्हणाला, "आई, आपली फुलं आपण तोडून इकू. हार करू. स्टँडवर बसतो मी."

"कोन घेईल?"

"पुण्यात कोन इचारतंय हार कोनी केला? काहून घेनार न्हाईत?"

बाई माझ्याकडे वळल्या. "सांगा याला, मॅडम. ह्यो पुण्यातून आला, पन गाव पुण्यात न्हाई गेलं."

मी काही सांगितलं नाही. मिलिंदचं म्हणणं मला बरोबर वाटत होतं, आणि आजही वाटतं. नवरात्राच्या पहिल्या दिवशी त्याने स्टँडवर टेबल मांडलं. पहाटे बाई स्वतः झेंडू तोडत होत्या. मी शाळेत जाताना पाहिलं, ओचा भरलेला, हात देठाच्या रसाने हिरवे झालेले. "बराबर देठ ठेवून तोडलं तर हार दोन दिवस टिकतोय," म्हणाल्या. "लोक नुसती मुंडी तोडून नेतात." डोक्यावरून परत आणलेल्या त्या टोपलीनंतर, एवढ्या वर्षांत देवासाठी त्यांनी तोडलेली ही पहिली फुलं.

पहिल्या दिवशी हार संपले. जवळा बाजारहून आलेल्या एस.टी.तल्या लोकांनी घेतले, गावातल्याही काहींनी न विचारता घेतले. त्यातले चार देवीच्या गळ्यात पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी देवळात विचारलं, हार कुठून आणले. उत्तर मिळाल्यावर ते हार काठीने उचलून बाहेर काढले, देऊळ धुतलं आणि हार आणून मिलिंदच्या टेबलासमोर टाकले. मिलिंदने त्यातला एक हार उचलला, झटकला आणि देवळाकडे निघाला. पायरीपर्यंत पोचला. तिथे त्याला पाच-सहा जणांनी धरलं, ते मी शाळेत जाता जाता रस्त्यावरून पाहिलं. उजवा हात कोपरात मोडला. पुढे नांदेडला दोनदा ऑपरेशन झालं, तरी तो हात कधी सरळ झाला नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावातले पाच मोठे लोक बागेत आले. बाईंनी मला निरोप पाठवला होता, "मॅडम, तुमी नुस्तं बसा." मी बसले. पुढे होते ते आबा. गावात त्यांचा शब्द चाले. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या भिंतीला त्यांनी स्वतःच्या खिशातून विटा दिल्या होत्या.

"धुरपता," आबा म्हणाले, "पोरांचं चुकलं. मी त्यांना चार शिव्या दिल्यात. दवाखान्याचं सगळं आमी बघतो. पन पोलिसात जाऊ नको. गावाचं नाव जातंय."

बाईंनी एकदा बागेतल्या खोपीकडे पाहिलं; आत मिलिंद पडला होता. मग म्हणाल्या, "न्हाई जात."

आबांनी मान हलवली. बाकीचे उठायला लागले.

"बसा. माझं बी एक हाय." बाई वाफ्यात गेल्या आणि झेंडूचं एक फूल तोडून आणलं. ते उजव्या तळहातावर ठेवून त्यांनी हात पुढे केला. "दवाखान्याचं काई नगं. तुमच्यापैकी एकानं हे फूल घ्यावं. माझ्या हातातून. देवीला व्हावं. मिटलं."

एकाने चपलेच्या अंगठ्याकडे बघायला सुरुवात केली. मला राहवलं नाही, मी हात पुढे केला.

"तुमी न्हाई, मॅडम," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमी तर घेतच असता."

हात तसाच पुढे होता. त्यांनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. आबांनी एकदा फुलाकडे पाहिलं, एकदा बरोबरच्या चौघांकडे. मला वाटलं, घेतील. त्यांचा हात मांडीवरून उचलला गेलाही होता. पण तो त्यांनी पागोट्याकडे नेला, पागोटं सारखं केलं आणि अगदी मायेने म्हणाले, "बाई, येवढं सोडून काय बी माग."

बाईंनी मूठ मिटली. "मिलिंदा," त्यांनी खोपीकडे तोंड करून हाक मारली, "चल. लिहून देऊ."

फिर्याद झाली. साक्षीदारांत माझं नाव होतं. मी गेले, जे पाहिलं आणि ऐकलं ते सांगून आले. पायरीवर उभ्या असलेल्या लोकांना मात्र त्या दिवशीचं काहीच दिसलं नव्हतं. केस चार-पाच वर्षं रेंगाळली आणि सगळे सुटले. माझी बदली मात्र पुढच्याच उन्हाळ्यात झाली, पार सेनगाव तालुक्यात, पुसेगावकडच्या शाळेवर. कारण कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पण त्या वर्षीचा दसरा मी गावात होते. बागेत कोणी आलं नाही. फाटक उघडं होतं, झेंडू इतका फुलला होता की पानं दिसत नव्हती, आणि गावाने कडुलिंबाच्या डहाळ्या अन् आंब्याच्या पानांवर तोरणं भागवली. दसऱ्याचाच दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. दर वर्षी गाव तोडून गेल्यावर उरलेली फुलं बाई भीमनगरातल्या विहारात न्यायच्या, मूर्तीपुढे एक ओळ होईल इतकी. त्या दिवशी त्यांनी बाग रिकामी केली. मिलिंदचा हात गळ्यात बांधलेला, म्हणून भीमनगरातल्या बायका आल्या, पाट्यांवर पाट्या गेल्या. विहारात पाय ठेवायला जागा राहिली नाही. भिंतीला लागून गुडघाभर झेंडू होता. लेकरं त्यात लोळत होती, म्हाताऱ्या डोळ्याला पदर लावून म्हणत होत्या, असं विहार कधी पाहिलं नव्हतं.

बाई दारातच उभ्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, किती सुंदर दिसतंय."

"दिसतंय," त्या म्हणाल्या. "पन येवढी फुलं इतं येनं चांगलं न्हाई, मॅडम."

त्यांचं बरोबर होतं. पुढच्या वर्षी गावातलं कोणी आलं नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. झाडावर फळ सडलं की माशी होते, माशी झाली की शेजारच्या शेतातून बोलणी येतात. बाहेरचे गाडीवाले वाट विचारत यायचे, त्यांना गावातच कोणीतरी परत फिरवायचं. मिलिंद पुण्याला परत गेला. वाकड्या हाताला झेपेल अशी रखवालदाराची नोकरी त्याला मिळाली. बाईंनी मजूर लावून बाग काढली. पेरूची खोडं जळणाला गेली. तिथे त्यांनी हळद लावली.

त्या गेल्याचं मिलिंदने मला फोनवर कळवलं, तेव्हा मी पुसेगावलाच होते. आजार असा नव्हता. सकाळी उठल्या नाहीत.

त्याच्या आदल्या वर्षी मी शेवटची भेटायला गेले होते. हळद कंबरेएवढी झाली होती. बाई शेताच्या धुऱ्यावर बसल्या होत्या, वाळल्या होत्या, पण जीभ तशीच होती. "हळदीला कोनी इचारत न्हाई बघा," म्हणाल्या. "उकडली, वाळवली, वसमतच्या मोंढ्यात ढिगात पडली की झाली सगळ्याची. गेल्या साली आबाच्या नातीला लागली असंल."

आम्ही बोलत असतानाच एक गाडी येऊन थांबली. नांदेडचं कुटुंब होतं. मागच्या काचेतून दोन लेकरं डोकावत होती, दोघांच्या मांडीवर नव्या कोऱ्या टोपल्या. माणूस खाली उतरला.

"इथे ती बाग होती ना? आपल्या हाताने तोडायची? आम्ही लग्नानंतर आलो होतो. मुलांना दाखवायची होती."

"व्हती," बाई म्हणाल्या. "काढली."

"अरेरे! का हो?"

"रोग पडला झाडायला."

"फवारणी नाही केली?"

"केली. लई केली, साहेब."

तो हळहळला. गाडीत बसता बसता त्याने मुलांना काहीतरी सांगितलं. धाकटी रडायला लागल्याचं काच बंद व्हायच्या आत ऐकू आलं. गाडी ओढ्यापलीकडे गेल्यावर मी विचारलं, "मावशी, त्यांना खरं का नाही सांगितलं?"

बाई गाडी गेलेल्या वाटेकडे बघत होत्या.

"लेकरं पेरू न्यायला आल्ती, मॅडम," त्या म्हणाल्या. "हे कशाला न्यावं त्यायनी घरी?"