उद्या आपली पाली

तुमच्या आडनावातलं एक अक्षर कुणी परस्पर बदललं, तर तुम्ही भांडाल की ‘चालतंय’ म्हणाल? गेल्या वर्षीपर्यंत मी ‘चालतंय’वाली होते. म्हणूनच शेजारच्या काकांचा मला भयंकर राग यायचा.

छापलेला कागद हातात आला की काका तो आधी उलटा धरत. भिंग लावून, एक डोळा मिटून म्हणत, “अक्षर उभं आहे का?” सुलट का बघत नाही, विचारलं तर उत्तर ठरलेलं. “सुलट धरलं की अर्थ दिसते, पोरी. अक्षर नाही दिसत.” छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. खिळे उलटेच वाचावे लागतात. पण निवृत्तीनंतरही माणसाने किती दिवस उलटं वाचावं?

त्यांची माझी गाठ पडली ती पत्रकापायी. इकडे हिंदी मुलखात, खातीपुऱ्यातल्या आमच्या मराठी रेल्वेवस्तीत कांबळेदादा रुळावर काम करताना गेले. महिनाअखेर क्वार्टर सोडा, असा कागद वहिनींच्या हाती आला. मुलीची परीक्षा त्यानंतर महिन्याने. रविवारी सगळ्यांनी जमून अर्जावर सह्या करायच्या, असं ठरलं. पत्रक मी लिहिलं. मथळा दिला, ‘उद्या आपली पाळी!’ आज वहिनींना काढतात, उद्या आपल्याला काढतील. मला तो मथळा फार आवडला होता.

बनी पार्कातल्या दोन दुकानांत तेव्हा स्वस्तातले लेसर प्रिंटर आले होते. मी म्हणाले, कुठूनही छापू. काका म्हणाले, “काहून घाई करून राहिली? पाहू तं दे.”

पहिल्या दुकानातला नमुना त्यांनी उलटा धरला. “तिरप्या रेघेला जिना झाला. हे पाय, पायऱ्या मोजून घे.” मग शिरोरेषेवर अंगठा घासला, तर काळी भुकटी अंगठ्याला आली. “अन् हे पत्रक वाचणाराच्या हाताले लागीन, डोक्यात नाही जाणार.” दुकानदाराने आमच्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं.

दुसऱ्या दुकानातली अक्षरं उभी होती. ठसठशीत, गुळगुळीत. मी पैसे काढायला लागले, तेवढ्यात काका म्हणाले, “ळ कुठं गेला?”

“काकाजी, हिंदी में ये अक्षर होता ही नहीं,” दुकानदार म्हणाला. “ल से काम चला लो.”

“होता नहीं? तुम घर में काळो बोलते हो कि कालो?”

दुकानदार लाजला. “बोलते तो काळो हैं. लिखते नहीं.”

“मतलब मशीन तुमसे भी गूंगी है!”

मी वैतागून दोनशे प्रती ‘ल’नेच काढून घेतल्या. काका रागावले नाहीत. घरी येऊन पांढऱ्या शाईची बाटली नि बारीक टाक घेऊन बसले. एकेक ल मिटवायचा, वाळू द्यायचा, वर ळ काढायचा. एका पत्रकात अकरा. मी म्हणाले, “काका, क्वार्टर जातंय वहिनींचं, आणि तुम्ही वेलांट्या वळवताय!”

तेवढ्यात वहिनींची मुलगी आली. वडिलांचं नाव छापलंय म्हणून बघायला. काकांनी न सुधारलेली प्रत तिच्यापुढे धरली. तिने हिंदी शाळेतल्यासारखं खणखणीत वाचलं, “कांबले.”

“अन् तुझं आडनाव काय, बाई?”

“कांबलेच ना, आजोबा.”

काकांनी टाक पुन्हा शाईत बुडवला. मग मला म्हणाले, “पाहिलं? कागदावरून तोंडात गेलं.”

मला पटलं नाही. शनिवारी सकाळपर्यंत त्यांच्या साठ प्रती झाल्या होत्या. मी उरलेल्यांतल्या शंभर गुपचूप उचलल्या आणि घरोघर वाटल्या.

रविवारी पिंपळाखाली पाहते तो काय, अर्ध्या बाया वह्या-पेन्सिली घेऊन आलेल्या. आमच्या वस्तीत बरीच घरं बौद्धांची. पाली शिकवायला कुणीतरी यावं, हे बोलणं कधीपासून चाललेलं. आणि माझ्या पत्रकावर ठळक छापलेलं, ‘उद्या आपली पाली!’ खालचा मजकूर कोण वाचतंय?

“शिकवणार कोण?” पुढच्या मावशींनी विचारलं. “तू? तुला येते पाली?”

मी काकांकडे पाहिलं. काकांनी मावशींच्या हातातलं पत्रक घेतलं, उलटं धरलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, “आलेच तं बसा, बाई. पहिला धडा ळ.” त्यांनी सगळी हकिकत सांगितली. अर्जावरची जागा संपली, तेव्हा त्याच वह्यांची पानं फाडून सह्या झाल्या. वहिनींना परीक्षेपर्यंत मुदत मिळाली. काका मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

या थंडीत काका गेले. शोकसभेचं पत्रक मी त्याच दुकानात छापलं, त्याच ठसठशीत अक्षरांत. ळ अजून आलेला नाही. काकांच्या आडनावात तो आहे. त्यांचीच बाटली नि त्यांचाच टाक घेऊन मी प्रत्येक प्रत सुधारतेय. माझा ळ जरा लंगडा येतो.

एखादी प्रत नजरेतून सुटली असेल. तेव्हा तुमच्या घरी पत्रक आलं की आधी उलटं धरा. ल दिसला तर पेन घ्या आणि ळ करा. मग सुलट करून घरातल्या मुलांकडून ते नाव मोठ्याने वाचून घ्या.